वसंतातील अंडी हे घरच्या कोंबड्यांचे बियाणे

रब्बी ज्वारीची काढणी झाली की जाणती शेतकरीण खळ्यावरील राशीपुढे बसून टपोऱ्या दाण्यांची भरदार कणसे वेगळी काढते. ती कणसे विकली जात नाहीत, दळलीही जात नाहीत. पुढील हंगामाचे बियाणे म्हणून ती जपून ठेवली जातात. त्याच सुमारास त्याच घराच्या परसात आणखी एक पीक हाती येत असते. हिवाळाभर अधूनमधून अंडे देणाऱ्या देशी कोंबड्यांचे तुरे माघात लालबुंद होतात, खुराड्याच्या कोपऱ्यात जागा धरण्यासाठी त्यांची चढाओढ लागते, आणि दुपारपर्यंत दोन-चार घरांतून तरी अंडे दिल्याची ओरड ऐकू येते.

या पिकातून बियाणे निवडण्याचा विचार मात्र फार थोड्या घरी होतो. पुष्कळदा सर्वच अंडी आठवड्याच्या बाजारात जातात. कोंबडी खुडूक झालीच, तर त्या दिवशी जी अंडी हाताशी असतील ती तिच्याखाली ठेवली जातात, मग ती कोणत्या कोंबडीची आणि किती दिवसांची आहेत हे कोणी पाहत नाही. चैत्र-वैशाखाच्या तापात त्यांपैकी निम्मी कुजतात. जी पिल्ले निघतात त्यांतील काही घारीच्या आणि मुंगसाच्या तोंडी पडतात, उरलेली मानमोडीच्या साथीत जातात, आणि दोष नशिबाला दिला जातो. वास्तविक हा दोष नशिबाचा नसून वेळेचा व निवडीचा आहे. वसंतपंचमीपासून गुढीपाडव्यापर्यंतचे सुमारे ८ आठवडे ज्या घराने साधले, त्या घरचे खुराडे वर्षभर भरलेले राहते.

वसंतात अंडी का वाढतात

कोंबडीचे अंडे देणे हे दाण्यापाण्याइतकेच उजेडावर अवलंबून असते. दिवस मोठा होऊ लागला की वाढता प्रकाश कवटीच्या पातळ हाडांतून मेंदूच्या तळाशी असलेल्या भागापर्यंत पोहोचतो. तेथून मेंदूखालील पीयूषिका ग्रंथीला चालना मिळते, आणि त्या ग्रंथीच्या स्रावांमुळे अंडाशयातील बारीक बलक एकामागून एक पिकू लागतात. पुण्याच्या आसपास डिसेंबरच्या उत्तरार्धात दिवस सुमारे ११ तासांचा असतो. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तो १२ तासांवर जातो आणि जूनमध्ये सव्वातेरा तासांपर्यंत वाढतो. युरोपातील उत्तरेकडील देशांत हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील दिवसांत याहून पुष्कळच मोठे अंतर असते. त्यामुळे तेथील जुन्या जातींच्या कोंबड्या हिवाळ्यात जवळजवळ अंडी देत नसत आणि वसंतात एकदम अंड्यांची रास पडे. महाराष्ट्रात हा फरक सौम्य आहे, तरी तो आहेच. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज असलेला तांबडा रानकोंबडा आजही भारताच्या रानांत मुख्यतः वसंतात आणि उन्हाळ्याच्या आरंभी वीण घालतो. घरच्या देशी कोंबडीने हा स्वभाव पुरता सोडलेला नाही.

उजेडाच्या जोडीला या दिवसांत चाराही मुबलक असतो. खळ्याभोवती सांडलेले दाणे, कापणी झालेल्या शेतातील किडे, भाजीच्या वाफ्यातील कोवळा पाला हे सर्व कोंबडी स्वतः वेचून खाते. खर्च न करता तिचे पोषण होते, आणि त्याचे अंड्यांत रूपांतर होते.

अंडे तयार होण्यास लागणारा वेळही ध्यानात घेण्यासारखा आहे. बलक अंडाशयातून सुटल्यापासून अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास एकट्या कवचाच्या घडणीत जातात. म्हणूनच कोंबडी रोज आदल्या दिवसापेक्षा थोडी उशिरा अंडे देते आणि काही दिवसांनी एखादा दिवस खाडा करते. हा खाडा आजाराचा नसतो. कवच बहुतांशी चुनखडीचे असल्यामुळे या काळात कोंबडीला शिंपल्यांचा चुरा, चुनखडीचे बारीक खडे किंवा भाजून कुटलेली अंड्यांची टरफले वेगळ्या करवंटीत ठेवावीत. कोंबडी आपल्या गरजेपुरते खाते. हा चुना बाहेरून न मिळाल्यास ती तो आपल्या हाडांतून काढते. मग कवच पातळ होते आणि कोंबडीही थकते.

उबवणीची वेळ कोणती

देशी कोंबडी साधारणपणे वर्षाला ५० ते ६० अंडी देते. ती एका दमात न देता १२ ते १५ अंड्यांच्या पाळ्यांनी देते. प्रत्येक पाळीच्या शेवटी ती खुडूक होते. वर्षातील या पाळ्यांपैकी वसंतातील पाळी उबवणीस सर्वांत योग्य असते. त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण अंड्याच्या साठवणीचे. फळलेल्या अंड्यातील गर्भाची वाढ ते कोंबडीच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते. अंडे बाहेर पडून थंड झाले की ती वाढ थांबते आणि उबवणी सुरू होईपर्यंत गर्भ जणू निद्रेत राहतो. हवा सुमारे २० अंश सेल्सियसच्या बरीच वर गेली की ही निद्रा मोडते. गर्भाला जाग येते, परंतु वाढीस लागणारी ३७ ते ३८ अंशांची सततची ऊब मिळत नाही, आणि तो अर्धवट वाढून मरतो. माघ-फाल्गुनातील गार रात्रींत ठेवलेले अंडे टिकते, तर वैशाखात पत्र्याखाली ठेवलेले अंडे दोन दिवसांतच निकामी होऊ शकते.

दुसरे कारण पिल्लांचे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. मार्चमध्ये निघालेल्या पिल्लांना ही ऊब आई आणि हवा मिळून सहज देतात. पावसाळ्यात निघालेली पिल्ले ओल्या जमिनीवर गारठतात आणि रक्ती हगवणीला बळी पडतात. वसंतातील पिल्ले पहिल्या पावसापर्यंत अडीच-तीन महिन्यांची होऊन धीट झालेली असतात.

तिसरे कारण पुढील हिशेबाचे. देशी तलंग सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते. मार्चमधील पिल्लांतील तलंगा दसरा-दिवाळीच्या सुमारास अंड्यावर येऊ लागतात, आणि थंडीत अंड्याला मागणीही चांगली असते. त्याच वीणीतील नर तोवर विक्रीस तयार झालेले असतात.

म्हणून विदर्भ, मराठवाडा व खानदेश या लवकर तापणाऱ्या भागांत फेब्रुवारीतच, आणि घाटमाथा व इतर थंड भागांत मार्चच्या मध्यापर्यंत कोंबड्या बसवाव्यात. पाडव्यानंतर खुडूक झालेल्या कोंबडीखाली अंडी ठेवण्याचा मोह टाळावा.

बियाण्याची अंडी निवडणे

उबवणीची अंडी चांगल्या कोंबडीचीच असावीत. जी कोंबडी अधिक अंडी देते, पिल्ले नीट सांभाळते आणि मागील साथीत टिकली, तिची अंडी प्रथम घ्यावीत. आठ ते दहा कोंबड्यांस एक नर पुरतो. हा नर त्याच घरच्या त्याच वीणीतला नसावा. भावाबहिणींच्या जोडीतून पिढ्यान्‌पिढ्या निघालेली पिल्ले अशक्त होत जातात व अंड्यांचे फळण्याचे प्रमाणही घटते. दुसऱ्या गावच्या नात्यागोत्यातून नर बदलून घेणे हा यावरील बिनखर्ची उपाय होय. नर बदलला तरी जुन्या नराचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन ते तीन आठवडे टिकून राहते. नव्या नराची पिल्ले हवी असतील, तर तो वसंतपंचमीपूर्वीच आणलेला बरा.

अंडे मध्यम आकाराचे, एका बाजूस निमुळते, गुळगुळीत व अखंड कवचाचे असावे. फार लहान, फार मोठी, गोल, खरबरीत किंवा तडकलेली अंडी घरी खावीत. मळलेले अंडे धुऊ नये. कवचावर निसर्गतः एक पातळ लेप असतो आणि तो जंतूंना आत शिरू देत नाही. धुण्याने तो लेप निघून जातो. घाण कोरड्या फडक्याने हलकेच पुसावी.

उबवणीचे अंडे सात दिवसांपेक्षा जुने नसावे. येथे पुष्कळांची चूक होते. एकाच कोंबडीची अंडी साठवीत राहिल्यास तिची पाळी संपेपर्यंत पहिले अंडे पंधरा दिवसांचे होते. म्हणून तीन-चार चांगल्या कोंबड्यांची अलीकडच्या आठवड्यातील अंडी एकत्र करावीत. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख घालावी, म्हणजे घोटाळा होत नाही. अंडी ठेवण्यासाठी घरातील थंड कोपऱ्यात ओल्या वाळूवर मातीचे मडके ठेवावे, त्यात कोरडा भुसा घालावा आणि अंड्याचे रुंद टोक वर ठेवावे.

खुडूक कोंबडीची बैठक

खुडूक कोंबडी जागेवरून उठत नाही, जवळ गेल्यास पिसे फुलवून गुरगुरते आणि पोटाखालची पिसे उपटून अंगाची ऊब अंड्यांना मिळेल अशी सोय करते. तिला प्रथम दोन दिवस गोल दगडांवर किंवा खराब अंड्यांवर बसवून पाहावे. ती स्थिर बसली, तर संध्याकाळी अंधार पडल्यावर खरी अंडी तिच्याखाली सारावीत. देशी कोंबडीला १० ते १२ अंडी पुरतात. जास्त ठेवल्यास कडेची अंडी थंड पडतात आणि त्यांबरोबर चांगलीही बिघडतात.

बसण्यासाठी उथळ पाटी किंवा टोपली घ्यावी. तळाशी थोडी राख व कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून वर गवत पसरावे. राखेमुळे उवा व पिसवांचा त्रास कमी होतो. पठारावर फाल्गुनातील हवा फार कोरडी असते. त्यामुळे टोपलीखाली ओलसर वाळूचा थर ठेवणे हितावह असते, अन्यथा शेवटच्या दिवसांत पिल्लू आतील पापुद्र्याला चिकटते. जागा निवांत, अंधारी आणि कुत्र्या-मांजरांपासून सुरक्षित असावी. दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे कोंबडीला उठवून दाणा, पाणी व धुळीत लोळण्याची मोकळीक द्यावी.

सातव्या रात्री अंडी उजेडासमोर धरून पाहावीत. पूर्वी यासाठी कंदील व छिद्र पाडलेला पुठ्ठा वापरीत. आता मोबाइलचा दिवाही पुरतो. फळलेल्या अंड्यात मधोमध काळा ठिपका आणि त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. जे अंडे निवळ दिसते ते फळलेले नाही. जेथे रक्ताचे नुसते कडे दिसते, तेथील गर्भ मेलेला असतो. अशी अंडी काढून टाकावीत. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पाहावे. अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नये. एकविसाव्या दिवशी पिल्ले कवच फोडून बाहेर येतात.

पिल्ले नको असताना कोंबडी खुडूक झाल्यास तिला पाण्यात बुडविणे किंवा नाकपुडीतून पीस ओवणे असे प्रकार काही ठिकाणी केले जातात. ते निर्दय असून जखमेला कारण होतात. तिला तीन-चार दिवस उजेडाच्या, हवेशीर जागी, खालून वारा लागेल अशा पिंजऱ्यात दाणापाणी देऊन ठेवले की खुडूकपणा जातो आणि ती लवकर पुन्हा अंड्यावर येते.

वनराजा, गिरिराज यांसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या देशीहून अधिक अंडी देतात, परंतु त्या सहसा खुडूक होत नाहीत. शिवाय त्या संकरातून तयार केलेल्या असल्याने त्यांचे गुण पुढच्या पिढीत जसेच्या तसे उतरत नाहीत. त्यांची पिल्ले दर वेळी उबवणी केंद्रातूनच आणावी लागतात. घरचे बियाणे राखायचे, तर खुडूक बसणारी देशी कोंबडी घरात हवीच.

एक आठवडा, एक वस्ती, एक लस

इतके सारे नीट केल्यावरही एका रोगाने सर्व श्रम वाया जाऊ शकतात. तो रोग म्हणजे मानमोडी. उत्तराखंडातील रानीखेत या गावावरून त्याला राणीखेत असेही म्हणतात. भारतात १९२७ च्या सुमारास तो प्रथम तेथे आढळला. या रोगात कोंबडी तोंड उघडून श्वास घेते, हिरवट हगते, तिचे पाय व पंख लुळे पडतात, मान पिळवटते, आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. उन्हाळ्याच्या तोंडावर ही साथ खेड्यांतून वारंवार येते. तिच्यावर औषध नाही, परंतु लस आहे आणि ती प्रभावी आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचे असताना लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत घालतात. सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी ही लस टोचतात. मधल्या मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्याव्यात.

लस असूनही ती लहान शेतकऱ्याच्या परसापर्यंत का पोहोचत नाही, याचे कारण सरळ आहे. एका कुपीत शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल इतकी लस असते. ती बर्फात ठेवावी लागते आणि एकदा कालविली की सुमारे दोन तासांच्या आत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कोणी कुपी फोडत नाही. आणि वस्तीतील पिल्ले निरनिराळ्या आठवड्यांत निघत असल्यामुळे एका दिवशी सर्वांना लस देण्याचा योगही येत नाही.

येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे काम आहे. वसंतात कोंबड्या एकाच सुमारास अंडी देतात व एकाच सुमारास खुडूक होतात. या निसर्गक्रमाचा लाभ घेऊन वस्तीतील दहा-बारा घरांनी आपल्या कोंबड्या एकाच आठवड्यात बसवाव्यात. जिची कोंबडी आधी खुडूक झाली, तिने ती तीन-चार दिवस दगडांवर बसवून ठेवावी. जिच्याकडे ताजी अंडी कमी असतील, तिने शेजारणीकडून घ्यावीत. उदाहरणादाखल, बारा घरी प्रत्येकी ११ अंडी बसविली आणि त्यांतून ९ पिल्ले निघाली, तर एका आठवड्यात १०८ पिल्ले होतात. एवढ्या पिल्लांसाठी कुपी फोडणे सार्थ ठरते. कार्यकर्त्याने बसवणीची तारीख वहीत टिपावी, त्यात २१ दिवस मिळवावेत, पुढे सहावा दिवस लसीचा म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यास आधीच कळवावा, आणि त्या सकाळी पिल्ले डालग्याखाली झाकून ठेवण्यास घरोघरी सांगावे. बचत गटाच्या बैठकीत हा विषय घेतल्यास काम अधिक सोपे होते.

बाजारातून आणलेली किंवा पाहुण्याने दिलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवल्याशिवाय घरच्या कोंबड्यांत सोडू नये. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा. एकाएकी पुष्कळ कोंबड्या मेल्यास गोष्ट लपवू नये व पक्षी विकून टाकण्याची घाई करू नये. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला. ती या रोगाची भारतातील पहिली नोंद होती. तेव्हापासून अशी खबर दवाखान्यास त्वरित देणे हे प्रत्येक गावाचे कर्तव्य ठरले आहे.

खाण्याची व विक्रीची अंडी

बियाण्याची अंडी बाजूला काढल्यावर उरलेली अंडी घरातील मुलांनी व गरोदर स्त्रियांनी आधी खावीत, मग ती बाजारी जावीत. ऊन वाढले की फळलेले अंडे लवकर बिघडते. म्हणून बसवणीचे काम आटोपताच नराला कोंबड्यांपासून वेगळे ठेवावे. दोन-तीन आठवड्यांनी मिळणारी अंडी न फळलेली असतात आणि ती अधिक टिकतात. विक्रीची अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. ती चुन्याच्या निवळीत रात्रभर बुडवून सावलीत वाळविल्यास कवचाची बारीक छिद्रे बुजतात व अंडे आणखी काही आठवडे चांगले राहते. उबवणीच्या अंड्यास मात्र हा उपाय कधीही करू नये. शंका आल्यास अंडे पाण्यात सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, शिळे उभे राहते, आणि जे तरंगते ते टाकून द्यावे.

कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंगातील उष्णता बाहेर घालविते. म्हणून पाडव्यानंतर परसात सावलीला मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवून ते दिवसातून दोन-तीनदा बदलावे, दाणा सकाळी व संध्याकाळी द्यावा, आणि खुराड्यावरील पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या पसराव्यात. आईबरोबर फिरणाऱ्या लहान पिल्लांसाठी पाण्यात चार खडे टाकावेत, म्हणजे ती बुडत नाहीत.

लहान शेतकऱ्याच्या घरी अंड्याचा पैसा बहुधा घरधनिणीच्या हाती येतो. मुलांच्या वह्या, औषध आणि सणाचा तेलतूप यांची सोय याच पैशातून होते. खुराडे रिकामे झाले की हा आधार जातो, आणि पुन्हा कोंबड्या विकत घेण्यास हाती पैसा नसतो. दहा-बारा अंडी वेळेवर बाजूला ठेवण्यास, त्यांवर तारीख घालण्यास आणि शेजारणीशी बोलून बसवणीचा एक आठवडा ठरविण्यास पैसा लागत नाही. यंदाच्या वसंतपंचमीला प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावातील निदान एका वस्तीत ही बसवणी घडवून आणावी, आणि दसऱ्याला त्या वस्तीतील तलंगा मोजाव्यात.